घटक ६ : ॲलन ट्यूरिंग – दोन चिन्हांत लिहिणारा गणिती

६.१ उद्दिष्टे

या घटकाच्या अभ्यासानंतर तुम्हाला पुढील गोष्टी करता येतील :

• ॲलन ट्यूरिंग यांच्या जीवनाचे प्रमुख टप्पे सांगता येतील.
• ० आणि १ या दोन चिन्हांतील लेखन म्हणजे काय, हे त्यांच्या कार्याच्या आधारे स्पष्ट करता येईल.
• लेखनाचा अर्थ चिन्हांत नसून लिहिणारा व वाचणारा यांच्यातील संकेतात असतो, हे उदाहरणांनी दाखविता येईल.
• एखाद्या व्यक्तीविषयीची कागदपत्रे बंद राहिल्यास तिच्या चरित्रावर काय परिणाम होतो, याचा विचार करता येईल.

६.२ प्रास्ताविक

विद्यार्थी मित्रहो, कार्यालयात, शाळेत किंवा टंकलेखन केंद्रात तुमच्यापैकी अनेकांनी एक अनुभव घेतला असेल. काही वर्षांपूर्वी मराठीत टंकलिखित केलेला एखादा अर्ज दुसऱ्या संगणकावर उघडावा, तर पडद्यावर मराठी अक्षरांऐवजी रोमन अक्षरे आणि विरामचिन्हे यांची निरर्थक गर्दी दिसते. फाईल बिघडली, असे आपण म्हणतो. वस्तुतः फाईलमधील एकही खूण बदललेली नसते. ज्या फाँटाच्या संकेतानुसार मजकूर लिहिला गेला, तो फाँट या दुसऱ्या संगणकावर नसतो, एवढेच. लेखन शाबूत असते. ते कसे वाचायचे याचा करार मात्र हरवलेला असतो.

संगणकातील फाईल पत्राची असो, छायाचित्राची असो वा गाण्याची, ती ० आणि १ या दोन चिन्हांची लांबलचक रांग असते. अशा लेखनास द्विमान लेखन म्हणतात. अशा रांगेचे वाचन आणि लेखन करणारे यंत्र कसे असावे, याचा विचार ज्यांनी प्रत्यक्ष संगणक तयार होण्याच्या आधीच तर्काच्या बळावर केला, त्या ॲलन ट्यूरिंग या इंग्रज गणितज्ञाचे चरित्र या घटकात आपण अभ्यासणार आहोत. त्यांच्या आयुष्यातील सर्व घटनांची नोंद येथे केलेली नाही. द्विमान लेखनाशी त्यांचा संबंध कसा आला आणि तो कसा वाढत गेला, हे सूत्र धरून आपण पुढे जाऊ.

६.३ विषय-विवेचन

६.३.१ बालपण आणि शिक्षण

ॲलन मॅथिसन ट्यूरिंग यांचा जन्म २३ जून १९१२ रोजी लंडन येथे झाला. त्यांच्या घराण्याचा भारताशी निकटचा संबंध होता. वडील ज्यूलियस ट्यूरिंग हे मद्रास इलाख्यात सनदी अधिकारी होते. आई एथेल सारा यांचा जन्म दक्षिण भारतातील पोदनूर येथे झाला होता आणि त्यांचे वडील मद्रासच्या रेल्वेत मुख्य अभियंता होते. वडिलांच्या नोकरीमुळे आईवडिलांचा बराच काळ भारतात जाई. ॲलन आणि त्यांचे थोरले बंधू जॉन यांना इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावरील सेंट लेनर्ड्स-ऑन-सी या गावी एका निवृत्त लष्करी अधिकाऱ्याच्या कुटुंबात ठेवण्यात आले. आईवडील हयात असूनही परक्या घरात वाढण्याचा हा अनुभव त्या काळी भारतात नोकरी करणाऱ्या अनेक इंग्रज कुटुंबांतील मुलांच्या वाट्याला येत असे.

१९२६ साली तेराव्या वर्षी ट्यूरिंग शेरबर्न येथील निवासी शाळेत दाखल झाले. सत्राच्या प्रारंभीच देशभर सार्वत्रिक संप पुकारला गेला आणि रेल्वे बंद पडली. तेव्हा हा मुलगा साउदम्प्टनहून सुमारे ६० मैलांचे अंतर सायकलने एकट्याने कापून, वाटेत एक मुक्काम करून शाळेत पोहोचला. अडचण आली तर तिच्या मुळाशी जाऊन स्वतःच साधा उपाय शोधायचा, ही त्यांची वृत्ती पुढे आयुष्यभर दिसते. शाळेत ग्रीक-लॅटिनला मान होता. विज्ञानाला तितका नव्हता. अव्यवस्थित हस्ताक्षर आणि शाईचे डाग यांबद्दल शिक्षक त्यांच्यावर नाराज असत.

शाळेतच त्यांची ख्रिस्तोफर मॉरकॉम या विद्यार्थ्याशी मैत्री झाली. खगोलशास्त्र, रसायनशास्त्र आणि गणित हे दोघांच्या आवडीचे विषय होते. १९३० च्या फेब्रुवारीत मॉरकॉम यांचा क्षयरोगाने अकाली मृत्यू झाला. या आघातातून ट्यूरिंग यांच्या मनात एक प्रश्न रुजला : मनुष्याचे मन आणि त्याचे शरीर यांचा परस्परसंबंध काय आहे? यंत्राला विचार करता येईल काय, हा त्यांचा पुढील काळातील प्रश्न या प्रश्नाशी जोडलेला आहे. १९३१ मध्ये ते केंब्रिजच्या किंग्ज महाविद्यालयात गेले आणि १९३५ मध्ये, वयाच्या बाविसाव्या वर्षी, तेथेच त्यांची फेलो म्हणून निवड झाली.

६.३.२ कागदी पट्टीवरचे यंत्र

जर्मन गणितज्ञ डेव्हिड हिल्बर्ट यांनी गणितज्ञांपुढे एक प्रश्न ठेवला होता. कोणतेही गणिती विधान दिले असता ते सिद्ध होऊ शकते की नाही, हे ठरविणारी एखादी निश्चित, यांत्रिक रीत असू शकेल काय? १९३५ मध्ये केंब्रिज येथे मॅक्स न्यूमन यांच्या व्याख्यानांत ट्यूरिंग यांना या प्रश्नाची ओळख झाली. यांत्रिक रीत हा शब्दप्रयोग सर्वजण सहज करीत. ट्यूरिंग यांनी तो शब्दशः घेतला. यंत्राने करायची रीत असेल, तर ते यंत्र कसे असेल?

त्या काळी कॉम्प्युटर हा शब्द आकडेमोड करणाऱ्या माणसासाठी वापरला जाई. असा माणूस प्रत्यक्षात काय करतो, याचे ट्यूरिंग यांनी बारकाईने विश्लेषण केले. तो कागदाच्या एका भागाकडे पाहतो, तेथील चिन्ह वाचतो, मनातील टप्प्यानुसार ते पुसतो किंवा नवे लिहितो आणि शेजारच्या भागाकडे वळतो. यातील अनावश्यक गोष्टी वगळल्या की उरते ती चौकोनांत विभागलेली एक लांब कागदी पट्टी आणि एका वेळी एकच चौकोन वाचणारे यंत्र. ते चौकोनातील चिन्ह ओळखते, तेथे चिन्ह लिहिते किंवा पुसते, एक घर डावीकडे वा उजवीकडे सरकते आणि आपली अवस्था बदलते. याखेरीज त्याला काहीही येत नाही.

हे यंत्र उत्तराचे अंक लिहिताना केवळ ० आणि १ हीच चिन्हे वापरते. ट्यूरिंग यांनी पट्टीवरील एकाआड एक चौकोन या अंकांसाठी राखून ठेवले. मधले चौकोन कच्च्या टिपणांसाठी दिले. टिपणे पुसता येत; लिहिलेला अंक मात्र कायम राहत असे.

यापुढची पायरी अधिक महत्त्वाची होती. कोणत्याही यंत्राची कृती ही नियमांची एक यादी असते. ही यादीही ठराविक चिन्हांत मांडून पट्टीवर लिहिता येईल, हे ट्यूरिंग यांनी दाखविले. मग दुसऱ्या यंत्राचे वर्णन पट्टीवरून वाचून त्याच्याप्रमाणे वागणारे एक सार्वत्रिक यंत्र कल्पिता येते. म्हणजे काय करायचे ही आज्ञा आणि कशावर करायचे ती माहिती, या दोन्ही एकाच पट्टीवर, एकाच प्रकारच्या चिन्हांत लिहिल्या जातात. पट्टीकडे नुसते पाहून त्यांतील भेद कळत नाही. वाचणारे यंत्र तो ठरविते. आजच्या संगणकात आज्ञावली आणि छायाचित्र या दोन्ही शेजारी शेजारी फाईल म्हणून राहतात, त्यामागे हेच तत्त्व आहे.

या कल्पनेच्या आधारे ट्यूरिंग यांनी हिल्बर्ट यांच्या प्रश्नाचे उत्तर नकारार्थी दिले : अशी सर्वसमावेशक रीत असू शकत नाही. अमेरिकेतील अलोन्झो चर्च यांनी वेगळ्या मार्गाने हाच निष्कर्ष थोडा आधी काढला होता. १९३६ मध्ये ट्यूरिंग प्रिन्स्टन येथे चर्च यांच्याकडे अभ्यासासाठी गेले आणि १९३८ मध्ये पीएच.डी. मिळवून परतले. प्रिन्स्टनच्या वास्तव्यात त्यांनी द्विमान संख्यांचा गुणाकार करणाऱ्या विद्युत यंत्राचा काही भाग स्वतःच्या हातांनी तयार केला होता. विजेची कळ एकतर चालू असते किंवा बंद. ० आणि १ यांना प्रत्यक्षात आणण्यासाठी एवढे पुरते, हे त्यांनी ओळखले होते.

६.३.३ युद्धकाळ : पाच छिद्रांची लिपी

सप्टेंबर १९३९ मध्ये दुसरे महायुद्ध सुरू होताच ट्यूरिंग ब्लेचली पार्क येथील गुप्तलेखन-उकल केंद्रात रुजू झाले. जर्मन सैन्याच्या ‘एनिग्मा’ यंत्राच्या सांकेतिक संदेशांची उकल करण्याचा पाया पोलंडचे मारियान रेयेव्स्की आणि त्यांचे सहकारी यांनी आधीच घातला होता. त्यापुढे जाऊन ट्यूरिंग यांनी ‘बॉम्ब’ नावाचे यंत्र आखले. नाव स्फोटकाचे असले तरी एनिग्माच्या मांडणीच्या असंख्य शक्यतांतून चुकीच्या शक्यता वेगाने बाद करणे, हे त्याचे काम होते. गॉर्डन वेल्चमन यांच्या सुधारणेमुळे ते अधिक प्रभावी झाले. जर्मन नौदलाच्या संदेशांचे काम ट्यूरिंग यांच्या नेतृत्वाखाली चाले. अटलांटिक महासागरातून ब्रिटनकडे अन्न व साहित्य आणणाऱ्या जहाजांचे प्राण या वाचनावर अवलंबून होते.

आपल्या विषयाच्या दृष्टीने मात्र ‘लोरेन्झ’ हे दुसरे जर्मन यंत्र अधिक महत्त्वाचे आहे. ते दूरमुद्रकाला, म्हणजे टेलिप्रिंटरला जोडलेले असे. दूरमुद्रकाच्या कागदी फितीवर प्रत्येक अक्षरासाठी पाच जागांची एक ओळ असते. प्रत्येक जागी छिद्र असते किंवा नसते. छिद्र म्हणजे १ आणि छिद्राचा अभाव म्हणजे ० मानले, तर पाच जागांत ३२ वेगवेगळ्या खुणा तयार होतात. म्हणजे हे अक्षरांचे द्विमान लेखनच होय.

लोरेन्झ यंत्र संदेशाच्या प्रत्येक अक्षरात गुप्त किल्लीचे एक अक्षर मिळवीत असे. या बेरजेचा नियम साधा आहे : दोन चिन्हे सारखी असतील तर ०, वेगळी असतील तर १. तुम्ही वही घेऊन हे करून पाहा. संदेशाचे अक्षर १०११० आणि किल्लीचे अक्षर ०११०१ असेल, तर बेरीज ११०११ येते. या बेरजेत तीच किल्ली पुन्हा मिळवा. १०११० हे मूळ अक्षर परत मिळते. ज्याच्याजवळ किल्ली आहे त्याला संदेश. ज्याच्याजवळ नाही त्याला केवळ छिद्रांची फीत.

या यंत्राची अंतर्गत रचना बिल टट यांनी ते यंत्र न पाहताच शोधून काढली. १९४२ मध्ये ट्यूरिंग यांनी त्याच्या चाकांवरील मांडणी कागदावर शोधण्याची एक पद्धत बसविली. पुढे हे काम यंत्राकडून करून घेण्यासाठी टॉमी फ्लॉवर्स यांनी ‘कोलोसस’ हे इलेक्ट्रॉनिक यंत्र तयार केले. ते सेकंदाला ५००० अक्षरे या वेगाने फीत वाचत असे. कोलोसस ही ट्यूरिंग यांची निर्मिती नव्हे, हे तुम्ही लक्षात ठेवावे. चरित्रनायकाच्या पदरात इतरांचे श्रेय टाकण्याचा मोह चरित्रलेखकाने टाळायचा असतो.

६.३.४ टेडिंग्टन : लिहिलेले जपून ठेवण्याचा प्रश्न

युद्ध संपल्यावर १९४५ मध्ये ट्यूरिंग टेडिंग्टन येथील राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळेत दाखल झाले. कागदावर कल्पिलेले सार्वत्रिक यंत्र आता विजेवर उभारायचे होते. त्यांनी ‘एसीई’ या संगणकाचा तपशीलवार आराखडा तयार केला आणि तो १९४६ च्या मार्चमध्ये प्रयोगशाळेच्या समितीपुढे आला.

सर्वांत कठीण प्रश्न लेखन टिकविण्याचा होता. कागदावरचे चिन्ह जागेवर राहते. विजेची लहर क्षणात नाहीशी होते. यावर पाऱ्याच्या नळीचा उपाय योजण्यात आला. नळीच्या एका टोकाकडून ध्वनीची स्पंदने पाऱ्यात सोडायची. ती दुसऱ्या टोकाला पोहोचताच पुन्हा पहिल्या टोकाकडून आत पाठवायची. स्पंदन असेल तर १, नसेल तर ०. एका नळीत अशी १०२४ चिन्हे सतत फिरत राहतील आणि ती ३२ चिन्हांच्या ३२ गटांत वाचली जातील, अशी ट्यूरिंग यांची योजना होती. घोकत राहिल्यानेच पाठ राहावे, तशी ही स्मृती होती. वीज गेली की तीही जाणार. म्हणून यंत्राला माहिती देण्यासाठी आणि उत्तर कायमचे जपण्यासाठी छिद्रांची पत्रके ठरविण्यात आली. यंत्राच्या चालू स्मृतीतून टिकाऊ माध्यमावर चिन्हे उतरविणे, हेच आज आपण फाईल जतन करताना करतो.

प्रत्यक्ष बांधणी मात्र रेंगाळली. कंटाळून ट्यूरिंग यांनी प्रयोगशाळा सोडली. त्यांच्या आराखड्याची लहान आवृत्ती तेथे १९५० मध्ये चालू झाली.

६.३.५ मँचेस्टर : बत्तीस चिन्हांची लिपी

१९४८ मध्ये ट्यूरिंग मँचेस्टर विद्यापीठात आले. तेथे त्याच वर्षी २१ जून रोजी फ्रेडी विल्यम्स, टॉम किलबर्न आणि जेफ टूटिल यांच्या लहान यंत्राने स्मृतीत साठविलेली आज्ञावली प्रथमच यशस्वीपणे चालविली होती. त्या यंत्राची चिन्हे दूरदर्शन संचासारख्या नळीच्या पडद्यावर विद्युतभाराच्या ठिपक्यांच्या रूपाने राहत. पुढे त्याला चुंबकीय ढोलाची जोड मिळाली. ढोलावर लिहिलेली चिन्हे वीज बंद केल्यावरही टिकत.

या यंत्रात लिहावे कसे आणि त्यातून वाचावे कसे, ही व्यवस्था लावण्यात ट्यूरिंग यांचा मोठा वाटा होता. युद्धकाळात परिचित झालेली पाच छिद्रांची फीत त्यांनी येथे आणली. यंत्रातील संख्या ४० चिन्हांची, तर आज्ञा २० चिन्हांची असे. पाच-पाच चिन्हांचे गट केले की संख्या आठ अक्षरांत आणि आज्ञा चार अक्षरांत लिहिता येई. पाचही जागा रिकाम्या असल्या की तिरपी रेघ, म्हणजे शून्य. ‘ई’ म्हणजे एक. ‘ए’ म्हणजे तीन. याप्रमाणे ३२ चिन्हे ० ते ३१ या किमतींसाठी ठरली. यंत्रात शून्ये पुष्कळ असल्याने छापील कागद तिरप्या रेघांनी भरून जात, जणू मँचेस्टरचा पाऊसच कागदावर उतरला आहे.

आणखी एक अडचण होती. आपण संख्या लिहिताना मोठ्या किमतीचा अंक डावीकडे लिहितो. मँचेस्टरच्या यंत्रात मात्र सर्वांत लहान किमतीचे चिन्ह डावीकडे येई. त्यामुळे ‘ए’ आणि त्यापुढे ‘ई’ लिहिले, तर त्याची किंमत ३ अधिक ३२, म्हणजे ३५ होई. नेहमीच्या सवयीने तेच उलट क्रमाने वाचले, तर ती ९७ होई. खुणा त्याच, वाचनाची दिशा बदलली की संख्या बदलली.

ट्यूरिंग यांना ही लिपी सहज वाचता येई. वापरणाऱ्यांनी ती पाठ करावी, अशी त्यांची अपेक्षा होती. १९५१ मध्ये त्यांनी आज्ञावलीकारांसाठी जी मार्गदर्शक पुस्तिका लिहिली, तीत हीच पद्धत आहे. यंत्राकडून सर्वसाधारण दशमान अंकांत रूपांतर करून घेता आले असते. पण ते त्यांना तितके गरजेचे वाटले नाही. येथे त्यांच्या स्वभावाची एक मर्यादा दिसते. स्वतःला जे सोपे ते इतरांनाही सोपे असेल, असे बुद्धिमान माणसाला वाटू शकते. पुढे टोनी ब्रुकर यांनी १९५४ मध्ये जी सोपी आज्ञाभाषा तयार केली, तिच्यामुळे सर्वसामान्य संशोधकाची या लिपीच्या जाचातून सुटका झाली. संगणकभाषांच्या इतिहासाचा एक मोठा भाग हा माणसाला त्याच्या सवयीच्या चिन्हांत लिहू देण्याचा आणि त्यांचे द्विमान रूप करण्याचे काम यंत्राकडे सोपविण्याचा इतिहास आहे.

ट्यूरिंग यांनी स्वतः या यंत्रावर गणितातील एका प्रसिद्ध प्रश्नाची तपासणी केली. १८५९ मध्ये बर्नहार्ड रीमान यांनी मांडलेले, मूळ संख्यांच्या वाटणीशी निगडित असलेले एक अनुमान अजूनही सिद्ध झालेले नाही. त्याला अपवाद सापडतो का, हे पाहण्यासाठी जून १९५० मध्ये यंत्र दुपारी ३ वाजल्यापासून दुसऱ्या दिवशी सकाळी ८ वाजेपर्यंत, थोडे खंड वगळता, चालू ठेवण्यात आले. उत्तरे बत्तीस चिन्हांच्या लिपीत फितीवर उमटत होती. तपासलेल्या भागात अपवाद सापडला नाही. पुढील टप्प्यात यंत्र बंद पडले आणि काम तेथेच थांबले. ही हकिकत ट्यूरिंग यांनी १९५३ च्या आपल्या लेखात प्रांजळपणे नोंदविली आहे.

याच काळात, १९५० मध्ये, यंत्र विचार करू शकते काय या प्रश्नाची चर्चा करणारा त्यांचा विख्यात निबंध ‘माइंड’ या तत्त्वज्ञानाच्या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. १९५१ मध्ये ते रॉयल सोसायटीचे फेलो झाले. १९५२ मध्ये प्राण्यांच्या अंगावरील ठिपके व पट्टे कसे उमटत असावेत, याचे रासायनिक-गणिती विवेचन त्यांनी प्रसिद्ध केले.

६.३.६ अखेर आणि उशिरा झालेले वाचन

जानेवारी १९५२ मध्ये ट्यूरिंग यांच्या घरी चोरी झाली. त्यांनी स्वतः पोलिसांत तक्रार दिली. चौकशीत एका पुरुषाशी असलेले आपले संबंध त्यांनी लपविले नाहीत. तत्कालीन इंग्रजी कायद्याने हा गुन्हा होता. ३१ मार्च १९५२ रोजी ते दोषी ठरले. तुरुंगवास टाळण्यासाठी त्यांना वर्षभर संप्रेरकांचे उपचार स्वीकारावे लागले. गुप्तलेखनाच्या शासकीय कामाचे दारही बंद झाले. ज्या राज्यासाठी त्यांनी शत्रूचे संदेश वाचले होते, त्याच राज्याने त्यांच्या नोंदीत हा शेरा लिहिला. न्यायालयात आपले युद्धकाळातील कार्य सांगून बचाव करणे त्यांना शक्य नव्हते, कारण ते कार्यच गुप्त होते.

७ जून १९५४ रोजी विल्म्स्लो येथील राहत्या घरी सायनाइडच्या विषबाधेने त्यांचा मृत्यू झाला. तेव्हा ते ४१ वर्षांचे होते. मृत्यूच्या चौकशीत आत्महत्या असा निष्कर्ष निघाला. आईने तो कधी मान्य केला नाही. रासायनिक प्रयोग करताना झालेला तो अपघात होता, असे त्यांचे मत होते.

चरित्रवाङ्मयाचे विद्यार्थी म्हणून पुढील बाब तुम्ही विशेष लक्षात घ्या. १९५९ मध्ये आई सारा ट्यूरिंग यांनी मुलाचे चरित्र प्रसिद्ध केले. मुलगा युद्धात नेमके काय करीत होता, हे त्यांना माहीत नव्हते. त्यामुळे त्याच्या आयुष्यातील निर्णायक वर्षांविषयी त्या चरित्राला फारसे बोलता येत नाही. ब्लेचली पार्कचे रहस्य १९७० च्या दशकात उघड होऊ लागले. त्यानंतर १९८३ मध्ये अँड्र्यू हॉजेस यांनी लिहिलेल्या विस्तृत चरित्रातून ट्यूरिंग यांचे गणित, युद्धकार्य आणि खासगी जीवन प्रथमच एकत्र वाचता आले. २००९ मध्ये ब्रिटनच्या पंतप्रधानांनी त्यांना मिळालेल्या वागणुकीबद्दल देशाच्या वतीने क्षमा मागितली आणि २०१३ मध्ये त्यांना मरणोत्तर राजक्षमा देण्यात आली. नोंदी होत्याच, त्या उघडायला आणि न्याय्य दृष्टीने वाचायला अर्धशतक लागले.

६.३.७ आजची फाईल

आता आपण प्रास्ताविकातील फाईलकडे परत येऊ. आज द्विमान चिन्हाला बिट आणि आठ बिटांच्या गटाला बाइट म्हणतात. एका बाइटात ० ते २५५ पैकी कोणतीही एक किंमत राहते. समजा, १९१२ ही संख्या फाईलमध्ये लिहायची आहे. मजकूर म्हणून लिहिली, तर चार रोमन अंकचिन्हांचे चार बाइट लागतात. थेट द्विमान रूपात लिहिली, तर दोनच पुरतात : ७ आणि १२०, कारण ७ गुणिले २५६ अधिक १२० म्हणजे १९१२. मात्र वाचणाऱ्याने १२० ला आधीचा, मोठ्या किमतीचा बाइट मानले, तर त्याला ३०,७२७ ही संख्या मिळेल. मँचेस्टरची अडचण आजही संपलेली नाही. म्हणून द्विमान फाईल लिहिणाऱ्याने बाइटांचा क्रम ठरवून तो सांगून ठेवावा लागतो.

सी या आज्ञाभाषेत फाईल लिहिण्यासाठी उघडताना ती मजकुराची आहे की द्विमान, हे सांगता येते. विंडोज प्रणालीवर मजकुराची फाईल म्हणून उघडल्यास १० किमतीचा बाइट ओळीचा शेवट समजला जातो आणि लिहिताना त्याच्या आधी १३ किमतीचा आणखी एक बाइट घातला जातो. पत्रात याने काही बिघडत नाही. छायाचित्रात मात्र १० ही एखाद्या रंगाची छटा असू शकते. तेथे हा आगंतुक बाइट शिरला की पुढचे सर्व एका घराने सरकते आणि चित्र नासते. संगणकाने येथे चूक केलेली नसते. त्याला चुकीचा करार सांगितलेला असतो.

आपल्या देवनागरीचेही असेच आहे. सध्या प्रचलित असलेल्या यूटीएफ-८ या युनिकोड संकेतपद्धतीत देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला तीन बाइट लागतात. ‘मराठी’ हा शब्द म, र, काना, ठ आणि दुसरी वेलांटी या पाच चिन्हांचा, म्हणून १५ बाइटांचा होतो. जुन्या फाँटांत प्रत्येकाचा संकेत वेगळा होता. आज संकेत सर्वांसाठी एक आहे. म्हणून तुम्ही नाशिकमध्ये लिहिलेला स्वाध्याय बेळगावात किंवा लंडनमध्ये तसाच वाचता येतो.

२३ जून २०२१ रोजी, ट्यूरिंग यांच्या जन्मदिनी, त्यांचे चित्र असलेली ५० पौंडांची नोट इंग्लंडमध्ये चलनात आली. तिच्यावर कागदी पट्टीचे चित्र असून त्यावर ही चिन्हे आहेत : १०१०११११११११००१०११००११०००. ही द्विमान संख्या डावीकडून, मोठ्या किमतीपासून वाचली, तर २३०६१९१२ हे उत्तर येते. त्यातून दिवस, महिना आणि वर्ष वेगळे केले, की २३ जून १९१२ ही त्यांची जन्मतारीख मिळते. मँचेस्टरच्या रीतीने, डावीकडच्या चिन्हाला सर्वांत लहान मानून वाचली, तर ३३,६२,८०५ ही वेगळीच संख्या हाती येते आणि तारीख दिसेनाशी होते. पंचवीस चिन्हांत एक जन्मदिन मावतो. तो आपल्यापर्यंत पोहोचतो, कारण ही चिन्हे कशी वाचायची हेही कोणीतरी सांगून ठेवले आहे.

६.४ सारांश

ॲलन ट्यूरिंग (१९१२–१९५४) यांनी १९३६ मध्ये कागदी पट्टीवर चिन्हे लिहिणाऱ्या व वाचणाऱ्या यंत्राची कल्पना मांडली आणि आज्ञा व माहिती एकाच प्रकारे लिहिता येतात, हे दाखविले. युद्धकाळात त्यांनी शत्रूचे सांकेतिक लेखन वाचले. युद्धानंतर टेडिंग्टन व मँचेस्टर येथे द्विमान लेखन यंत्रात कसे टिकवावे आणि बाहेर कसे आणावे, या प्रश्नांवर काम केले. चिन्हे, त्यांचा क्रम आणि त्यांच्या वाचनाचा संकेत या तिन्ही गोष्टी एकत्र आल्या तरच लेखन अर्थपूर्ण होते, हे त्यांच्या कार्यातून कळते. त्यांच्याविषयीच्या नोंदीही बंद राहिल्या, म्हणून त्यांचे आयुष्य दीर्घकाळ अपुरे वाचले गेले.

६.५ पारिभाषिक शब्द

द्विमान : केवळ ० आणि १ या दोन चिन्हांची (संख्यापद्धती).
बिट : द्विमान लेखनातील एक चिन्ह.
बाइट : आठ बिटांचा गट.
आज्ञावली : संगणकाने क्रमाने करावयाच्या कृतींची यादी.
संकेत : कोणत्या खुणेचा कोणता अर्थ घ्यावा, याविषयीचा ठराव.
दूरमुद्रक : दूरवरून आलेला संदेश छापणारे यंत्र, टेलिप्रिंटर.

६.६ स्वयं-अध्ययनासाठी प्रश्न

(अ) एका वाक्यात उत्तरे लिहा.
१. दूरमुद्रकाच्या पाच जागांत किती वेगवेगळ्या खुणा तयार होतात?
२. ११०११ या अक्षरात ०११०१ ही किल्ली मिळविल्यास काय मिळते?
३. यूटीएफ-८ पद्धतीत ‘मराठी’ हा शब्द किती बाइटांचा होतो?

(आ) थोडक्यात उत्तरे लिहा.
१. सार्वत्रिक यंत्राच्या कल्पनेत आज्ञा आणि माहिती यांचा संबंध कसा आहे?
२. पाऱ्याच्या नळीची स्मृती आणि चुंबकीय ढोल यांतील फरक स्पष्ट करा.

(इ) सविस्तर लिहा.
१. सारा ट्यूरिंग आणि अँड्र्यू हॉजेस यांनी लिहिलेल्या चरित्रांच्या परिस्थितीत कोणता फरक होता? उपलब्ध साधनांचा चरित्रलेखनावर होणारा परिणाम विशद करा.

उपक्रम : तुमच्या घरातील किंवा गावातील एखाद्या दिवंगत व्यक्तीची जुनी कागदपत्रे पाहा. त्यांतील कोणती नोंद वाचण्यासाठी तुम्हाला ज्येष्ठांचे साहाय्य घ्यावे लागले, त्याविषयी १५ ते २० ओळी लिहा.

(अ) ची उत्तरे : १. ३२ खुणा तयार होतात. २. १०११० हे मूळ अक्षर मिळते. ३. १५ बाइटांचा होतो.